आईला घेऊन बर्गनला चाललेय, तिन्ही दिवस पाऊस दाखवतोय. जाऊ की रद्द करू?

सुरंगी | १७ सप्टेंबर

मंडळी, जरा घाईत विचारतेय. आई आणि मी सध्या धाकट्या भावाकडे ॲमस्टरडॅमला आलोय. इथून तीन दिवस नॉर्वेत बर्गनला जायचं तिकीट काढलंय, २३ ला निघायचं. भावाला सुट्टी नाही, आम्ही दोघीच.

आई ७१ वर्षांची, मालगुंडची. गुडघे कुरकुरतात, पण सपाट रस्त्यावर मला मागे टाकते. बर्गन तिनेच निवडलंय. भावाच्या ऑफिसच्या कॅलेंडरवर बंदराकाठी लाल-पिवळ्या लाकडी घरांची रांग दिसली, मागे डोंगर, पुढे समुद्र. "हे आपल्यासारखंच दिसतंय, इथे जाऊ."

आता फोनवर बघितलं तर तिन्ही दिवस ढग आणि थेंब, तापमान ११-१२. हॉटेलचे पैसे उद्यापर्यंत परत मिळतील. म्हातारं माणूस, परका देश, त्यात पाऊस. काय करू? गेलोच तर पावसात बघण्यासारखं काय आहे? फ्योर्डची, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या खाडीतली, बोट घ्यावी का? आई मासे खाते, त्यामुळे खायचा प्रश्न नाही.

निवृत्त_पण_जागृत | १७ सप्टेंबर

मालगुंडच्या बाईला पाऊस दाखवायला नॉर्वेला नेताय! आषाढात घरच्या पडवीत बसवलं असतं तर फुकट झालं असतं. रद्द करा आणि इटलीला जा. हलकेच घ्या.

सातडोंगर | १७ सप्टेंबर

सुरंगीताई, रद्द करू नका. मी बर्गनमध्ये नववं वर्ष काढतोय, तेव्हा थोडं अधिकाराने सांगतो.

"तिन्ही दिवस पाऊस दाखवतोय" ही इथे बातमीच नाही. वर्षातले २०० हून जास्त दिवस पाऊस असतो. २००६ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २००७ च्या जानेवारीपर्यंत सलग ८५ दिवस पडला होता, लोक अजून त्याच्या गोष्टी सांगतात. पण गंमत बघा, वर्षाचा हिशेब मांडला तर मुंबईत पडतो साधारण तेवढाच, सव्वादोन हजार मिलीमीटरच्या आसपास किंवा थोडा वर. मुंबई तो चार महिन्यांत उरकून टाकते. बर्गन बारा महिने पुरवून पुरवून वापरतं. कारणही ओळखीचं आहे: समुद्रावरून दमट वारं येतं, गावाभोवतीच्या डोंगरांना अडतं आणि वर चढून रिकामं होतं. आपल्याकडे सह्याद्री तेच करतो.

म्हणून पाऊस थांबायची वाट बघत हॉटेलात बसू नका. ती चूक नवीन माणूस हमखास करतो, मीही पहिले दोन महिने केली. इथला पाऊस कोसळत नाही, रिपरिपतो. दर तासाचा अंदाज "यर" या ॲपवर बघा, नॉर्वेच्या हवामान खात्याचं आहे. दिवसाचं चित्र बघून घाबरू नका, पुढचे दोन तास बघा.

छत्री आणू नका. वारं बंदरातून वळून येतं, काड्या उलट्या होतात. वादळी दिवसानंतर चौकातल्या कचरापेट्या मेलेल्या छत्र्यांनी भरलेल्या असतात. टोपीवाला रेनकोट, पाण्याला दाद न देणारे बूट, आत लोकरीचं काहीतरी. सुती कपडा ओला झाला की अंगातली ऊब घेऊन जातो.

विमानतळावरून टॅक्सी नको. बिबानेन, म्हणजे इथली ट्राम, विमानतळाच्या दारातूनच सुटते आणि पाऊण तासात गावाच्या मध्यावर बिपार्केनला सोडते. पायऱ्या नाहीत. ६७ वर्षांवरच्यांना निम्मं तिकीट, आईंचं तसंच काढा. आणि कान उघडे ठेवा, प्रत्येक थांब्याची स्वतःची धून आहे.

बोटीबद्दल: ढग पाण्यापर्यंत उतरले असतील तर काठ सुद्धा दिसत नाही. आधीपासून पैसे भरून बसू नका, आदल्या संध्याकाळी ठरवा.

चहाबाज | १८ सप्टेंबर

एकच गोष्ट. रेनकोट हातातल्या बॅगेत ठेवा. मोठ्या बॅगेत नको. का ते विचारू नका.

सुरंगी | १८ सप्टेंबर

सातडोंगर, खूप आभार. जातोय! आईला वाचून दाखवलं. "पुरवून पुरवून वापरतं" यावर ती म्हणाली, तिकडची विहीर भरलेली असणार. चहाबाज, लक्षात ठेवते. आल्यावर लिहीन.

सुरंगी | २९ सप्टेंबर

आलो. सांगितल्याप्रमाणे लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

चहाबाज, तुमची माफी. लक्षात ठेवलं आणि विसरले. दोन्ही रेनकोट मोठ्या बॅगेत, बॅग विमान कंपनीने ॲमस्टरडॅमलाच ठेवून घेतलेली. पट्टा फिरून फिरून थांबला तेव्हा त्यावर कुणाची तरी लहान मुलाची गाडी तेवढी उरली होती. बॅग उद्या हॉटेलवर येईल म्हणाले. आई सुती साडीत, वर स्वेटर, पायात मोजे आणि सँडल. बाहेर ११ डिग्री आणि भुरभुर.

ट्राममध्ये मात्र मजा आली. पहिले चार थांबे आईला वाटलं कुणाचा तरी फोन वाजतोय. मग कळल्यावर ती डोळे मिटून नुसत्या धुना ऐकत बसली, खिडकीतून बाहेर बघेना. मी म्हटलं, अगं बघ तरी. "बघायचं काय, काच भिजलेय. ऐकू दे."

बिपार्केन ते हॉटेल दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत माझी छत्री गेली (हो, आणली होती, हातातल्या बॅगेत तीच होती) आणि आईच्या निऱ्या गुडघ्यापर्यंत भिजल्या. ओल्या साडीचं वजन काय असतं ते नेसणारीलाच ठाऊक. माझा चेहरा रडवेला झाला असणार, कारण तीच मला म्हणाली, "बाय, मिठाची नाही मी."

खोलीत आल्यावर आई बाथरूममध्ये गेली आणि आतून ओरडली. मी धावले, वाटलं घसरली. तर ती अनवाणी उभी, चेहऱ्यावर कमालीचा आनंद. फरशी गरम! खालून तापवलेली. तिने साडी पिळली, टॉवेलात गुंडाळून पुन्हा दाबली आणि त्या फरशीवर घडी घडी सरकवत पसरली. दर अर्ध्या तासाने उठून परतत होती, पापड परतावेत तशी. आमच्या घरी पावसाळ्यात चुलीच्या वर वलणीवर कपडे वाळायचे, सगळ्यांच्या शाळेच्या कपड्यांना धुराचा वास. आई म्हणाली, "इथे धूर नाही, एवढंच." रात्री अकरापर्यंत साडी खडखडीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा दुकान गाठून दोन रेनकोट घेतले. किंमत सांगत नाही, आई हा धागा वाचते. तिचा हिरवा, पोटऱ्यांपर्यंत. आरशात बघून म्हणाली, "इरलंच आहे, बाह्यांचं." साडी वर खोचून खाली माझी ट्रॅकपँट.

मग ब्रिगेन, म्हणजे ती कॅलेंडरवरची घरं. खरं सांगू? समोरून फोटोत दिसतात तेवढीच. मजा मागे आहे. दोन घरांच्या मधल्या बोळात शिरलं की लाकडी फळ्यांची वाट, दोन्ही बाजूंना लाकडी भिंती, वर गॅलऱ्या वाकून एकमेकींना टेकायला आलेल्या. पाऊस आत थेट येत नाही, पागोळ्या तेवढ्या पडतात. फळ्या ओल्या असल्या की निसरड्या होतात, आईने भिंत धरली आणि हात नाकाशी नेला. लाकूड, डांबर, ओल. "होडीचा वास आहे गो." १७०२ च्या आगीत सगळं जळलं होतं, मग त्याच जुन्या आखणीवर पुन्हा बांधलं. १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

आता आईचा विषय: सुकी मासळी. जर्मन व्यापारी इथे चारशे वर्षं ठाण मांडून होते ते कशासाठी, तर सुकवलेल्या कॉडसाठी. उत्तरेकडे लोफोटेन बेटांवर मासा मीठ न लावता लाकडी मांडवांवर थंड वाऱ्यात टांगायचा, वाळला की बर्गनला आणायचा, बदल्यात धान्य न्यायचं. मासळीबाजारात तो अख्खा सुका कॉड आईने हातात घेतला, बोटाने ठोकला. टक्क आवाज आला. "याला बोंबील म्हणायचं की ओंडका?" विकणाऱ्या मुलाला तिने हातवाऱ्यांनी विचारलं की हा भिजवायला किती वेळ. त्याने बोटांनी दिवस दाखवले, एक, दोन, तीन, पुढे मोजतच राहिला. आई गप्पच झाली. इतकी प्रभावित झालेली मी तिला क्वचित पाहिलंय. आपलं सुकट पंधरा मिनिटांत शिजतं.

तिथून शोत्स्तुएने नावाच्या जुन्या सभागृहांचं संग्रहालय बघितलं. ब्रिगेनच्या लाकडी घरांत विस्तव पेटवायला बंदी होती. दिवा नाही, शेगडी नाही. ही सभागृहं मागे वेगळी बांधलेली, स्वयंपाक आणि ऊब फक्त तिथेच. हे वाचून दाखवल्यावर आईचा पहिला प्रश्न: "मग ओले कपडे कुठे वाळवत होते?" मी म्हटलं इथेच असतील, याच हॉलमध्ये, हिवाळ्यात सगळे इथेच बसायचे. तिने वर बघितलं. वलणीच्या खुंट्या शोधत होती, मला माहितेय.

ब्रिगेन्स म्युझियम पाच मिनिटांवर. १९५५ ला आणखी एक आग लागली, त्यानंतर जळल्या जागी उत्खनन झालं आणि लाकडाच्या ढलप्यांवर कोरलेली शेकडो रुन लिपीतली (तिकडची जुनी लिपी) लिखाणं सापडली. व्यापाऱ्यांचे हिशेब, मालावर बांधायच्या नावाच्या चिठ्ठ्या, प्रार्थना, आणि एक निरोप: "गीडा म्हणते, तू घरी जा." आठशे वर्षांपूर्वीचा. दुसऱ्या बाजूला कुणीतरी उत्तर खरडायचा प्रयत्न केलाय, पण त्याचा अर्थ लागत नाही. आईने क्षणाचाही विचार केला नाही. "प्यायलेला असणार." तज्ज्ञांचाही अंदाज तोच आहे म्हणे. सगळ्या प्रवासात आईला सर्वांत आवडलेली वस्तू ही ढलपी. संध्याकाळी भावाचा फोन आला तर म्हणाली, "गीडा म्हणते तू ऑफिसातून घरी जा."

होकॉन्सहालेनही पाहिलं, तेराव्या शतकातला राजाचा दगडी हॉल. २० एप्रिल १९४४ ला बंदरात स्फोटकांचं जहाज उडालं आणि याचं छप्पर जळालं, आताचं नंतरचं आहे. चांगलं आहे. पायऱ्या खूप, आई खाली बाकावर बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी बॅग आली आणि आम्ही फ्लोयेन डोंगरावर गेलो. रुळावरून वर चढणारी गाडी, १९१८ पासूनची, ३२० मीटर उंचीवर नेते. बोट नाही घेतली, ढग अगदी सातडोंगर म्हणाले तसे उतरलेले. वर काय दिसलं? काही नाही. कठडा दिसला. कठड्यापलीकडे दूध. मी तिकिटाच्या पैशांचा हिशेब करत होते, तेवढ्यात धुक्यातून पोरं आली. चार-चार वर्षांची, वीसेक, पायापासून डोक्यापर्यंत रबरी कपड्यांत, सोबत दोन शिक्षिका. कुणी डबक्यात चक्क मांडी घालून बसलंय, कुणी फावड्याने पाणी एका डबक्यातून दुसऱ्यात टाकतंय. एक मुलगी आईसमोर येऊन उभी राहिली आणि हिरव्या इरल्याखालून बाहेर आलेल्या साडीच्या काठाकडे बोट दाखवून काहीतरी विचारू लागली. आईने मराठीत उत्तर दिलं. दोघींचं पाच मिनिटं चाललं होतं. मी कॉफी आणि दालचिनीचा गोल पाव आणायला गेले, शिलिंग्सबोले म्हणतात, परत आले तर आई डबक्याच्या काठावर उकिडवी. गुडघे कुरकुरणारी बाई.

निवृत्त_पण_जागृत | २९ सप्टेंबर

इटलीचा सल्ला मागे घेतो. आईसाहेबांना नमस्कार सांगा.

सातडोंगर | ३० सप्टेंबर

ताई, वाचून बरं वाटलं. दोन गोष्टी. सुका कॉड पाण्यात साधारण आठवडाभर ठेवतात, पाणी रोज बदलून. आणि तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी इथे लख्ख ऊन पडलं. सांगणार नव्हतो, पण राहवलं नाही.

सुरंगी | ३० सप्टेंबर

आईला सांगितलं. म्हणाली, "पडू दे, त्यांचेही कपडे वाळायचे असतील." आणि कॉडचा एक तुकडा तिने आणलाय, मला न सांगता, स्वेटरात गुंडाळून. भावाच्या स्वयंपाकघरात कालपासून भिजतोय. वहिनी खिडक्या उघड्या ठेवून बसलीये.