मदत हवी आहे: लिक्विडेशनच्या लिलावातले ट्रेलर घ्यायचे आहेत, बोलीआधी काय काय तपासू? (पनवेल-न्हावा शेवा)

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा मोठा भाऊ न्हावा शेवा बंदरावर कंटेनर वाहतूक करतो. गाड्या थोड्याच, पण स्वतःच्या. दादा रस्त्यावरचं बघतो. हिशेब, पासिंग (आरटीओचं फिटनेस), विमा, परमिट माझ्याकडे. कळंबोली, तळोजा, भिवंडी ही आमची रोजची लाईन. आणखी दोन गाड्यांचं काम हातात आहे, पण नव्या घोडा-ट्रॉलीचा (म्हणजे ओढणारी गाडी आणि मागचा ट्रेलर) हप्ता सध्याच्या भाड्यात बसत नाही.

पनवेलजवळ एक लॉजिस्टिक कंपनी दिवाळखोरीत गेली आहे. एनसीएलटीच्या (कंपनी कायदा न्यायाधिकरण) आदेशाने लिक्विडेटर, म्हणजे कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा माणूस, नेमलाय आणि तिच्या गाड्यांचा ई-लिलाव निघालाय. चार घोडे त्यांच्या चाळीस फुटी ट्रॉल्यांसकट एकाच लॉटमध्ये आहेत, सुटे देणार नाहीत. दुसऱ्या लॉटमध्ये तीन टनी फोर्कलिफ्ट आणि गोदामातलं सामान आहे. गाड्या २०१८ च्या, बीएस-४, युरियावाल्या (धूर स्वच्छ करायला युरियाचं द्रावण लागतं त्या). आम्हाला दोनच हव्यात, म्हणून कळंबोलीतल्या ओळखीच्या एका ट्रान्सपोर्टरबरोबर निम्मे-निम्मे घ्यायचा विचार आहे.

यार्डात जाऊन आलो. गाडी चालू करून दाखवणार नाहीत, बॅटऱ्याच नाहीत. एका घोड्याच्या युरिया टाकीचं झाकण दादाने उघडलं तर आत कडेने पांढरी खडी धरलेली. दुसऱ्याच्या वायरिंगचे सॉकेट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून लटकत होते, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जागेवर नव्हता. बाकी दोन वरून बऱ्या वाटल्या. नोटिशीत मात्र सरळ लिहिलंय की माल जसा आहे, जिथे आहे, जे काही आहे तसा. नंतर तक्रार चालणार नाही.

तिथल्या रखवालदाराशी बोलणं झालं. तो त्याच कंपनीचा जुना ड्रायव्हर निघाला. पगार अडकलाय, त्याचा दावा लिक्विडेटरकडे दाखल आहे. कुठल्या गाडीची क्लचप्लेट बदलली, कुठली घाटात गरम व्हायची, हे त्याने न विचारता सांगितलं. दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ प्रमाणे लिक्विडेशनचा खर्च वजा गेल्यावर कामगारांची २४ महिन्यांपर्यंतची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने येतात. त्या माणसाला त्याचे पैसे मिळावेत असं मला मनापासून वाटतं, आणि गाड्या योग्य भावात घ्यायलाही आमची तयारी आहे. आम्हाला फक्त कागदात अडकायचं नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. चारही आरसींवर (नोंदणी पुस्तकांवर) फायनान्स कंपनीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, दिसतोय, तो कोण उतरवणार? गाडी नावावर करताना आरटीओत विक्रेता म्हणून सही कोणाची लागते? आणि चालू न होणाऱ्या गाडीची किंमत धरायची कशी? ज्यांनी असा व्यवहार केलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

— उलवेकर_ताई

कागदवाला:
ताई, बोजाचा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा. नादारी आणि दिवाळखोरी संहिता २०१६ च्या कलम ५२ प्रमाणे तारण असलेल्या कर्जदात्यापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे तारण लिक्विडेशनच्या मालमत्तेत सोडून द्यायचं, दुसरी म्हणजे स्वतः विकून वसुली करायची. तुमच्या चारही गाड्यांवरचा हक्क फायनान्स कंपनीने सोडलाय का, हे लिक्विडेटरकडून मेलवर लेखी घ्या, गाडी क्रमांकासह. तोंडी "हो हो, झालंय" चालणार नाही. बोजा उतरवायला फॉर्म ३५ लागतो आणि त्यावर फायनान्स कंपनीची सही असते. तो फॉर्म कोण आणि किती दिवसांत देणार, हे पैसे भरण्याआधी ठरलं पाहिजे.

हस्तांतरणासाठी नेहमीचे फॉर्म २९ आणि ३०. विक्रेत्याच्या जागी लिक्विडेटर सही करतो, सोबत त्याच्या नेमणुकीचा एनसीएलटीचा आदेश आणि विक्रीचं प्रमाणपत्र. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ५७ मध्ये लिलावातल्या गाडीसाठी फॉर्म ३२ आहे, पण तो नियम सरकारने किंवा सरकारच्या वतीने केलेल्या लिलावासाठी आहे. काउंटरवर कुणी ३२ मागितला तर गोंधळ नको, म्हणून ज्या आरटीओत गाड्या नोंदलेल्या आहेत तिथे आधीच जाऊन कागदांची यादी विचारा. घोडा आणि ट्रॉली यांचे चेसिस नंबर वेगळे असतात, दोन्ही आरसीशी ताडून बघा. पेन्सिलने ठसा काढून ठेवला तर उत्तम.

थकलेला कर आणि ई-चलनं परिवहनच्या पोर्टलवर दिसतात. अशा विक्रीच्या अटींत ती बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या गळ्यात असतात. गाडी उभी असतानाच्या काळासाठी कंपनीने आरटीओत नॉन-यूजचा (गाडी वापरात नसल्याचा) अर्ज दिला होता का, तेही विचारा. दिला नसेल तर उभ्या गाडीवरही कर चढलेला असणार.

उलवेकर_ताई:
खूप आभार. कलम ५२ चं मला माहीतच नव्हतं. भागीदारीत बोली लावली तर चालेल का?

कागदवाला:
प्रमाणपत्र ज्याने बोली लावली त्याच्याच नावाने निघेल असं धरून चाला. दोन नावं हवी असतील तर अर्ज करतानाच लेखी विचारा. नंतर दोन गाड्या दुसऱ्याच्या नावावर करायच्या म्हणजे पुन्हा २९-३०, पुन्हा फी, पुन्हा जीएसटीचा विचार. आणि त्याच संहितेच्या कलम २९अ चं शपथपत्र दोघांनाही लागेल. बंद पडलेल्या कंपनीचे प्रवर्तक किंवा त्यांच्याशी संबंधित माणसं मागच्या दाराने माल घेत नाहीत ना, यासाठी ते असतं. तुमच्या भागीदाराचा त्या कंपनीशी काही संबंध होता का, हे स्पष्ट विचारून घ्या.

जासई_गॅरेज:
दादांनी युरियाची टाकी उघडली हे बरं केलं. खडी फक्त टाकीत असेल तर धुऊन निघते, पण पंप आणि डोसिंगच्या (युरिया सोडणाऱ्या) नळीत बसली असेल तर पार्ट बदलावे लागतात. चारही गाड्यांत ती खराब आहे असं धरूनच हिशेब करा. ईसीएम नसलेल्या घोड्याला चालू गाडीचा भाव अजिबात लावू नका. दुसरा ईसीएम नुसता आणून लावता येत नाही, त्या गाडीसाठी प्रोग्राम करून घ्यावा लागतो.

चालू न करताही बरंच कळतं. ऑइलची डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. इंजिन बारिंग बारने (इंजिन फिरवायचा दांडा) हाताने फिरवायची परवानगी मागा, जाम नाही एवढं तरी कळेल. डिझेल टाकीचा तळ बघा, पावसाळ्यात उभ्या गाडीत पाणी साचून गंज धरतो. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी बाजूला बारीक चिरा असतील तर तो टायर तुमच्या हिशेबात शून्य. ब्रेक चेंबरची रबरं आणि हवेच्या नळ्या बदलायच्याच.

ट्रॉली खालून बघा, तिथेच पैसा अडकतो. किंगपिनची (घोड्याला जोडणारी पिन) झीज, मुख्य बीमवर वेल्डिंगचे डाग, कमानीचे तुटलेले पाटे. कंटेनरची लॉक एकेक फिरवून बघा. चाळीस फुटीला कोपऱ्यांची चार पुरतात, पण वीस फुटी दोन लावायचे तर मधलीही चालली पाहिजेत.

आणि तपासणीच्या दिवशी प्रत्येक टायरचा, प्रत्येक बॅटरी बॉक्सचा फोटो चेसिस नंबरसकट काढा. तपासणी आणि ताबा यांच्या मधल्या काळात यार्डातून सामान गायब होतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

भिवंडीकर:
पैशाचं लिहितो. अनामत रक्कम राखीव किमतीच्या (लिलावातली किमान किंमत) दहा टक्क्यांच्या वर मागता येत नाही. बोली लागली की पैसे भरायची मागणी येते, त्या तारखेपासून ९० दिवसांत पूर्ण रक्कम भरायची, पण ३० दिवसांनंतर १२ टक्के व्याज चालू होतं. ९० दिवसांत पैसे आले नाहीत तर विक्रीच रद्द. जुन्या गाडीला कर्ज देणारे आरसी स्वच्छ मागतात आणि तुमच्या आरसीवर अजून बोजा आहे. त्यामुळे कर्ज मिळेल या भरवशावर बोली लावू नका, रोख किंवा दुसऱ्या तारणावरची सोय आधी करा. बोलीच्या रकमेवर जीएसटी वेगळा आहे का, किती दराने, तेही लेखी घ्या.

माझं वैयक्तिक मत वेगळं आहे. घाई करू नका. बोली न आल्यास लिक्विडेटर राखीव किंमत २५ टक्क्यांपर्यंत खाली आणू शकतो, त्यानंतर पुढच्या प्रत्येक वेळी दहा टक्क्यांपर्यंत. चारपैकी एक घोडा ईसीएमविना आहे, अशा लॉटला पहिल्या फेरीत फार गर्दी होईल असं मला वाटत नाही.

जासई_गॅरेज:
भिवंडीकरांशी सहमत नाही. दोन महिने गाड्या अजून उभ्या राहिल्या की आणखी एखादा ईसीएम जाईल. आठ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला पासिंग दरवर्षी लागतं. गाडी उभी असो की चालू, वर्षं मोजली जातातच. भाव उतरेल तेवढाच मालही उतरेल.

उलवेकर_ताई:
दोघांचंही पटतंय, म्हणून दादाशी बोलून असं ठरवलंय. लिक्विडेटरला आजच मेल करतेय: हक्क सोडल्याचं पत्र, फॉर्म ३५ ची मुदत, जीएसटी, दोन नावांची परवानगी आणि ताब्यानंतर यार्डभाडं किती दिवसांनी लागू होतं. यार्डातून गाड्या ओढूनच आणाव्या लागतील, विमा आणि पासिंग दोन्ही संपलेलं आहे. तो खर्च आणि प्रत्येक गाडीचा युरिया सिस्टीमचा, टायरचा, ब्रेकचा खर्च वजा करून एक आकडा काढू. पहिल्या फेरीत त्याच्या वर एक रुपयाही जाणार नाही. बोजाबद्दल लेखी उत्तर आलं नाही तर अनामतच भरणार नाही. आमच्या भागीदाराला हे थोडं जड जातंय, त्याला चारही गाड्या काहीही करून हव्या आहेत. पण यावर माझा निर्णय पक्का आहे.

एक राहिलंच. फोर्कलिफ्टच्या लॉटबद्दल कुणी सांगेल का? तळोज्यातल्या गोदामवाल्या गिऱ्हाईकाला भाड्याने देता येईल असं डोक्यात आहे.

जासई_गॅरेज:
फोर्कची जाडी टाचेपाशी, म्हणजे वाकतो तिथे, कॅलिपरने मोजा. मूळ जाडीपेक्षा दहा टक्के झीज झाली असेल तर तो फोर्क बाद, उचलायला वापरायचा नाही. उभी पट्टी झिजत नाही, तिथली जाडी मूळ समजून तुलना करा. मास्टच्या (फोर्क वर-खाली होतात तो उभा सांगाडा) चेनवर गंज आणि ताठ झालेल्या कड्या बघा, सिलिंडरखाली तेलाचा डाग बघा. तासांचा मीटर बंद असेल तर पेडलच्या रबराची झीज बघून अंदाज येतो. यार्डात कधी जाणार ते इथे लिहा, मी त्या बाजूलाच असतो, बारिंग बार घेऊन येईन.