पॅप टेस्ट केलीय का कधी? अनुभव लिहा ना

रामबागवाली:
काल आमच्या भिशीत एक गायनॅक बाई बोलायला आल्या होत्या, कोणाच्या तरी नणंदेच्या ओळखीच्या. त्यांनी विचारलं, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी, म्हणजे ही पॅप टेस्ट वगैरे, कोणी कोणी केलीय, तर सगळ्याजणी आपापल्या प्लेटीत बघायला लागल्या. चाळिशी-पन्नाशीच्या, शिकलेल्या, शुगर-थायरॉइड दरवर्षी न चुकता करणाऱ्या! मला एकदम देवासची मावशी आठवली. पाळी जाऊन कित्येक वर्षं झाल्यावर तिला परत अंगावरून जायला लागलं होतं. घरात नवी सून, या वयात हे कोणाला सांगायचं म्हणून बोललीच नाही, कपडे स्वतः धुवायची आणि गच्चीच्या कोपऱ्यात स्वतःच वाळत घालायची. कळलं तेव्हा कंबरेनं बसवतसुद्धा नव्हतं. तो काळ वेगळा होता म्हणावं तर काल भिशीतही तेच. ज्यांनी केलीय त्यांनी लिहा, काय करतात, दुखतं का, आपल्या इंदूरच्या बायका का जात नाहीत. नाव नको असेल तर नका लिहू.

सराफ्याची_सून:
मी केलीय. टेबलावर झोपवतात, आत ते बदकाच्या चोचीसारखं घालतात आणि ब्रशनी हलकंसं सँपल घेतात, संपलं. दुखत नाही ग, अवघडल्यासारखं होतं, श्वास रोखून धरला की जास्त. पाळीत जायचं नाही, आणि आधीचे दोन दिवस संबंध नको, आतली क्रीम-गोळी काही नको. मला हे कोणी सांगितलंच नव्हतं, पलासियापर्यंत ऑटोचे पैसे वाया, परत या म्हणाले

चिमणी७४:
भिशीत मेनू काय होता ते लिहिलंच नाहीस 😄 मी नव्हते ना

विजयनगरकर_ताई:
मला वाटायचं सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे सगळंच नॉर्मल. माझ्या डॉक्टर म्हणाल्या सोनोग्राफीत पिशवी दिसते, अंडाशय दिसतं, पण मुखाच्या पेशी बदलायला लागल्यात का ते त्यात दिसत नाही, त्याला पॅप नाहीतर एचपीव्ही, म्हणजे ज्या व्हायरसनं हा कॅन्सर होतो त्याची टेस्टच लागते. आणि त्रास नाही म्हणून कशाला जायचं हेच चुकतं, सुरुवातीला त्रास होतच नाही. बाकी दोन लेकरं तिथेच झाली तेव्हा लाज कुठे गेली होती असं सासूबाई म्हणाल्या, हे त्यांचं मला पटलं, कधी नव्हे ते 😂

नाव_नको:
मी लिहिते. माझी एचपीव्ही पॉझिटिव्ह आली, मग कोल्पोस्कोपी (दुर्बिणीसारख्या यंत्रातून मुख बघतात), बायोप्सीत सीआयएन २, म्हणजे पेशी बदलायला लागलेल्या. कॅन्सर नाही, पण तसंच सोडलं तर पुढे होऊ शकतो. लीप करून, म्हणजे विजेच्या तारेच्या कडीनं, तेवढा भाग काढला, संध्याकाळी घरी. ते सोप्पं होतं. अवघड काय तर घरी नवऱ्यानं रिपोर्ट वाचला, मोबाइलवर शोधलं आणि विचारलं, हे कुठून आलं तुला. पूर्ण आठवडा घरात अबोला. फॉलोअपला डॉक्टर बाईंनी त्याला आत बोलावलं आणि सांगितलं की बहुतेक सगळ्या स्त्रीपुरुषांना हा व्हायरस कधी ना कधी होतो, दोनेक वर्षांत शरीर आपोआप काढून टाकतं, काहींचा राहून जातो, आणि राहिलेल्याचा कॅन्सर व्हायला १५-२० वर्षंसुद्धा लागतात, त्यामुळे कुठून, कधी, कोणाकडून हे कोणी सांगूच शकत नाही. तो ऐकत होता, बोलला काही नाही. येताना छप्पन दुकानवर थांबलो, शिकंजी प्यायलो, तिथेही काही नाही. सॉरी म्हणाला नाही अजून. मला वाटतं बायका जात नाहीत त्याचं अर्धं कारण हेच आहे, टेबलाची नाही रिपोर्टची भीती.

रामबागवाली:
@नाव_नको 🫂 वाचून हात थांबले ग. आणि त्यांना आत बोलावणाऱ्या बाईंना नमस्कार

निवृत्त_सिस्टर:
सांवेरकडच्या गावांत शिबिरं केलीत मी. बीपी-शुगरला रांग, पडद्याच्या आत यायला कोणी नाही. 'बच्चेदानी के मुँह की जाँच' म्हटलं की पदर तोंडावर. मग एखादी आजी आधी आत जायची, बाहेर येऊन म्हणायची, 'कुछ नहीं है री', की मागून पाच-सहा यायच्या. आशाताई सोबत असली तर अजून. आम्ही व्हीआयए करायचो, सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठला तर पुढे पाठवायचं. सरकारी नियमानं ३० ते ६५ वयात दर ५ वर्षांनी. पण २०१९-२१ च्या सरकारी आरोग्य पाहणीत ३० ते ४९ च्या बायकांत तपासणी झालेल्या देशभरात १.९ टक्के, म्हणजे शंभरात दोनसुद्धा नाहीत. आणि तिकडे उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात सव्वा लाखावर बायकांचा मोठा अभ्यास झाला, २००९ मध्ये छापून आला, आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न केलेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे. एकदाच! त्या तर खेड्यातल्या बायका

चिमणी७४:
अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड म्हणजे ते व्हिनेगरच ना? मंचुरियनवालं?? 🙈

निवृत्त_सिस्टर:
हो बाई तेच, ३ ते ५ टक्के. पण घरी प्रयोग नको 😀

तिळकनगर_काका:
पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना. लेक १३ ची आहे, या एचपीव्हीची लस द्यावी का? सिरमची सर्व्हाव्हॅक ऐकली. बायको म्हणते लग्नाच्या वेळी बघू.

विजयनगरकर_ताई:
काका लग्नाच्या वेळी कशाला, ९ ते १४ मध्येच दोन डोस, १५ नंतर तीन. संबंध सुरू व्हायच्या आधी दिली तरच पुरता उपयोग. आणि लस घेतली तरी पुढे तपासणी सुटत नाही हं. वहिनींची पण करून टाका त्याच दिवशी

सराफ्याची_सून:
आता एचपीव्हीचं सँपल स्वतःच घेता येतं म्हणे, आडोशाला जाऊन, टेबल नको काही नको. आमच्या जाऊबाईंना हेच सांगून तयार करतेय. त्या म्हणतात आधी मुलीची बोर्डाची परीक्षा होऊ दे. मग आंबे, मग लोणची, मग श्रावण

माळव्यातली:
माझी पिशवी काढलीय, मला लागेल का?

निवृत्त_सिस्टर:
मुखासकट काढली असेल आणि कारण साधं असेल, गाठी वगैरे, तर सहसा नाही. मुख ठेवलं असेल तर लागते. डिस्चार्जचा कागद शोध आणि डॉक्टरांना दाखव.

माळव्यातली:
कागद यांच्या कपाटात, यांना विचारलं की शंभर प्रश्न. आणि एक, टेस्टच्या फॉर्मवर नवऱ्याची सही लागते का?

निवृत्त_सिस्टर:
नाही लागत. तुझी पुरते.