थंडी पडल्यावर आत आणलेल्या लिंबाची हिरवी पानं गळतायत, काय करू?

अंगणवेल
नमस्कार मंडळी. पानगळ संपत आलीय आणि गेल्या पंधरवड्यापासून रात्रीचं तापमान पार ५-६ डिग्रीपर्यंत उतरायला लागलंय म्हणून मी दरवर्षीसारख्या कुंड्या आत घेतल्या. जास्वंद, कोरफड, स्नेक प्लांट सगळे मजेत आहेत पण लिंबाचं झाड माझ्या डोळ्यादेखत रिकामं होतंय. हे झाड आजीने बी रुजवून केलेलं, ती गेल्यावर मी माझ्याकडे आणलं त्याला आता ७ वर्षं झाली, त्यामुळे जीव जरा जास्तच अडकलाय त्याच्यात. आत आणून १२ दिवस झालेत, पहिले तीन-चार दिवस काही नाही, मग रोज सकाळी उठून बघते तर खाली १०-१५ पानं. बरं पानं पिवळी पण पडत नाहीयेत, चांगली हिरवीगार आहेत आणि नुसता हात लागला तरी सुटून येतात.

ठेवलंय हॉलमध्ये, बागेकडच्या काचेच्या दाराशी, सगळ्यात जास्त ऊन तिथेच येतं. कुंडी खाली फरशीवर आहे. सुकतंय असं वाटून मी रोज पाणी घालायला लागले आणि परवा थोडं खतही दिलं. अजून एक, बागेत टोमॅटोला बरेच हिरवे टोमॅटो आहेत आणि पालापाचोळ्याचा हा एवढा ढीग साचलाय, त्या दोन्हीचं काय करायचं तेही कोणी सांगितलं तर बरं होईल. पण आधी लिंबू प्लीज, रोज सकाळी झाडू हातात घेताना पोटात खड्डा पडतो.

खुरपं
ताई सगळ्यात आधी पाणी थांबवा, आज घालूच नका. दिवस लहान झालेत, ऊन तिरपं आलंय, झाडाची वाढ मंदावलीय, म्हणजे उन्हाळ्यात लागायचं त्याच्या निम्म्यानेही पाणी त्याला आता लागत नाही. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजायला लागतात, कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही म्हणून झाड वरून तहानलेलं दिसतं आणि आपण अजून पाणी घालतो. माझा मोगरा असाच गेला, त्याचं मला अजून वाईट वाटतं म्हणून एवढं कळकळीने लिहितोय. बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा, आत कोरडं लागलं तरच पाणी, आणि खालच्या ताटलीत साचलेलं पाणी लगेच ओतून टाका. खत आता थेट थंडी सरून नवी पालवी दिसायला लागली की मगच.

मृद्गंध
खुरपं यांच्याशी पाण्याबाबत सहमत, पण मला वाटतं खरी गोम फरशीत आहे. हिरवी पानं, तीही काचेजवळ उन्हात ठेवलेल्या झाडाची, हे वाचल्यावर पहिली शंका तीच आली. लिंबू, संत्रं, मोसंबी या सगळ्या मंडळींची मुळं गार पडली की पाणी ओढणं जवळपास बंद करतात. माती १२-१३ डिग्रीच्या खाली गेली की मुळं झोपलीच समजा. इकडे काचेतून दुपारचं ऊन थेट पानांवर येतं, पानं तापतात आणि पाणी बाहेर सोडत राहतात. म्हणजे वरून खर्च चालू आणि खालून आवक बंद. मग झाड खर्च कमी करायला पानंच टाकून देतं. त्यात ओली माती कोरडीपेक्षा जास्त गार राहते, रोजच्या पाण्याने तीही भर पडली असणार.

सकाळी उठल्या उठल्या कुंडीला बाहेरून हात लावून बघा. गारढोण लागली तर कुंडी लाकडी स्टुलावर चढवा, मध्ये थर्माकोलचा तुकडा घाला, काचेपासून हातभर आत घ्या. पाणी द्याल तेव्हा नळाचं गार नको, खोलीत ठेवून गारवा गेलेलं द्या. दुसरा मार्ग म्हणजे झाड थंड पण उजेडाच्या खोलीत ठेवायचं, जिथे पानंही गार आणि मुळंही गार, तेही त्याला चालतं. हीटरजवळ मात्र अजिबात नको.

आणि घाबरून फांद्या छाटू नका. बारीक फांदीची साल नखाने जराशी खरवडा, खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे, तिथून परत फुटेल.

पानोपानी
वरचं सगळं पटलं, फक्त एक तपासून घ्या. बाहेरून आणलेल्या झाडांबरोबर लाल कोळी (पानांतला रस शोषणारी अगदी बारीक कीड) आणि मिलीबग (कापसासारखी पांढरी कीड) आत येतात आणि घरातल्या कोरड्या, उबदार हवेत कोळी तर भराभर वाढतात. फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी झटका, कागदावर बारीक ठिपके चालताना दिसले तर कोळी आहेत. मग बाथरूममध्ये नेऊन कोमट पाण्याच्या शॉवरने पानांच्या खालची बाजू नीट धुवा (कुंडीवर पिशवी बांधून, नाहीतर माती परत चिंब होईल), आठवड्याने पुन्हा एकदा. जास्वंदीवरही नजर ठेवा, तिला हे फार लवकर लागतं.

अंगणवेल
मृद्गंध, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच फरशीवर अनवाणी उभी राहिले, दोन मिनिटांत पाय गारठले!! आणि मी चपला घालून फिरते म्हणून इतके दिवस कळलंच नाही. कुंडी आताच स्टुलावर ठेवली. कागदावर काही दिसलं नाही. नखाने तीन फांद्या खरवडल्या, तिन्ही आत हिरव्या निघाल्या, इतकं हायसं वाटलं की काय सांगू.

जुनी कुदळ
टोमॅटो आणि पाचोळ्याचं कोणीच बोललं नाही म्हणून मी लिहितो. ज्या रात्री आभाळ निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल त्या रात्री दव गोठायची भीती सगळ्यात जास्त, ढगाळ रात्र त्या मानाने उबदार असते. त्याआधी टोमॅटो उतरवून घ्या, एकदा गोठले की मऊ पडून सडतात. पूर्ण वाढलेले, हिरव्यावरून पांढुरके व्हायला लागलेले घरात पिकतात, छोटे कडक गोळे नाही पिकत. पिकायला ऊन लागत नाही, ऊब लागते, तेव्हा खोक्यात एका थरात मांडा, सोबत एक पिकलेलं केळं किंवा सफरचंद ठेवा, त्यातून इथिलीन वायू निघतो आणि त्याने बाकीचे लवकर धरतात. रोज बघायचं आणि डागाळलेला दिसला की बाहेर काढायचा. फ्रीजमध्ये ठेवू नका, पिकणं थांबतं आणि चव जाते.

पाचोळा कृपा करून जाळू नका. गोणीला भोकं पाडा, पाचोळा भरा, ओला करून दाबा आणि कोपऱ्यात विसरून जा, वर्ष-दोन वर्षांत काळीभोर भुसभुशीत माती हातात येते. पानं आधी बारीक केली तर लवकर. टोमॅटोची करपा आलेली पानं मात्र त्यात मिसळू नका. आणि थोडा ढीग झुडपांच्या बुडाशी तसाच राहू द्या, मावा खाणारे लेडीबग थंडीत त्यातच दडून बसतात, वसंतात तुमच्याच कामाला येतील.

अंगणवेल
तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. स्टुलावर ठेवल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी गळ कमी झाली, आता आठवडाभर एकही पान पडलेलं नाही. निम्मं झाड उघडं आहे, पण राहिलेली पानं घट्ट आहेत. पाणी या सगळ्या दिवसांत फक्त दोनदा दिलं. टोमॅटो २३ उतरवले होते, १७ लाल झाले. पाचोळ्याच्या चार गोण्या भरून कुंपणाशी लावल्यात. आणि आज सकाळी लिंबाच्या शेंड्याला, जिथे मी नख लावलं होतं त्याच्या जरा वर, तांदळाएवढा हिरवा कोंब दिसला. आत्ता एवढ्या थंडीत फुटलाय तर तो राहू द्यायचा की खुडायचा?

मृद्गंध
राहू द्या ताई, अजिबात हात लावू नका. फक्त स्टूल हलवू नका तिथून.