फायलींसोबत फॉन्टही न्या
जुन्या कॉम्प्युटरमधल्या फायली नव्यावर नेताना ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये जागा असूनही लग्नाचा ६ जीबीचा व्हिडिओ का जात नाही, असं कुणी विचारलंय. ड्राइव्ह फॅट३२ (फायली साठवायची एक जुनी पद्धत) असणार. त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. आतलं सगळं आधी दुसरीकडे कॉपी करून घ्या, कारण फॉरमॅट केलं की ते पुसलं जातं; मग एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करा.

मला जास्त काळजी मराठी मजकुराची वाटते. नाशिकरोडला आमच्या शेजारच्या काकांच्या कविता नव्या कॉम्प्युटरवर नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं होऊन बसल्या. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड (अक्षरं साठवायची सगळीकडे चालणारी पद्धत) नसतो, तो फॉन्ट नसला की वाचताच येत नाही. म्हणून जुन्या मशीनमधल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातून ते फॉन्ट घ्याच, आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये आणा. तोवर जुनी हार्ड डिस्क कृपया भंगारात देऊ नका.