थापट्याचं हिरवं डोकं फोटोत काळंच येतंय, एडिटिंगमध्ये काय चुकतंय?

कादवाकाठ

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी नांदूर मध्यमेश्वरला जाऊन आले. नाशिकहून पहाटे पाचला निघालो, उजाडायच्या आत चापडगावला. धुकं विरल्यावर साडेआठच्या सुमारास थापट्या बदकांचा वीस-पंचवीसचा थवा बराच जवळ आला. दुर्बिणीतून नराचं डोकं असं हिरवं दिसत होतं की मी कॅमेरा उचलायचंच विसरले होते. मग साठ-सत्तर फोटो काढले.

घरी येऊन कॉम्प्युटरवर बघते तर एकूण एक डोकं काळं. आणि छातीचा पांढरा भाग नुसता कोरा, एक पीस दिसेल तर शपथ.

सेटिंग सांगते: क्रॉप सेन्सरची बॉडी, १५०-६०० लेन्स पूर्ण ६०० ला, एफ ६.३, १/१६००, आयएसओ ऑटोवर ४०० आला. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये आहेत. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शॅडोज (गडद भाग उजळायचा स्लायडर) ८० पर्यंत नेल्या तर काळ्याचं राखाडी झालं आणि दाणे आले. हिरव्याचं सॅच्युरेशन वाढवलं तर मागचं गवत पोपटी झालं, डोकं तसंच. शेवटी ब्रशने हिरवा रंग दिला, पण तो फासल्यासारखा दिसतो, म्हणून पुसून टाकला. एक मूळ फोटो आणि एक एडिट केलेला सोबत टाकला आहे. मी पाहिलेला हिरवा मला परत हवा आहे. काय करू?

पाटकरी

ताई, दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. एडिटिंगमध्ये तुमची चूक नाही. तो हिरवा त्या फाईलमध्ये उतरलाच नाही, त्यामुळे कुठल्याही स्लायडरने तो वर येणार नाही.

थापट्याच्या डोक्यावर हिरवं रंगद्रव्य नसतं. पिसाच्या बारीक तंतूंमध्ये काळपट रंगद्रव्याच्या कणांचे थर असतात, आणि उजेड त्या थरांवरून परतताना हिरवा होतो. धूप-छाँव पैठणीचा पदर हातात घेऊन फिरवा. एका बाजूने एक रंग, दुसऱ्या बाजूने दुसरा. इथे दुसरी बाजू म्हणजे काळा. नाकट्याची पाठ, मोराची मान, सगळ्यांचं असंच.

आता तुमच्या फोटोतल्या पक्ष्याचा डोळा शंभर टक्क्यांवर बघा. पिवळ्या बुबुळात उजेडाचा ठिपका अगदी उजव्या काठाला आहे. म्हणजे सूर्य तुमच्या बाजूला होता, पाठीशी नव्हता. दुर्बिणीतून बघताना पक्षी मान फिरवत होते, क्षणभर हिरवा चमकला की तो तुमच्या डोळ्यात राहिला. कॅमेऱ्याला त्या क्षणीच बटण दाबावं लागतं.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, आता रोज सकाळी गावच्या पाझर तलावावर जातो. तिथे दोन हिवाळे थापट्यांवर घालवले, म्हणून सांगतो. एक, सूर्य पाठीशी हवा. दुसरं फार कमी जण बघतात, ते म्हणजे वारा. पाण्यावर विसावलेलं बदक बहुधा वाऱ्याकडे चोच करून असतं, आणि उतरताना, उडतानाही वाऱ्याला सामोरं जातं. आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी बऱ्याचदा पूर्वेकडून वारा असतो. मी तलावाच्या पूर्वेच्या बांधावर बसतो, त्यामुळे ऊनही पाठीमागून आणि वाराही पाठीमागून. पक्षी आपोआप माझ्याकडे तोंड करतात. उभं राहू नका. बांधाच्या उतारावर मांडी घालून, लेन्स गुडघ्यावर, जेवढं पाण्याच्या पातळीला जाता येईल तेवढं. निरीक्षण मनोऱ्यावरून बदक वरून दिसतं, पाठच जास्त येते.

आणि थापट्याची एक सवय आपल्या फायद्याची आहे. हे पक्षी घोळक्याने गोल गोल फिरत चरतात, चोच पाण्यात, एकामागे एक. त्या फिरण्याने तळाचं खाद्य वर येतं. म्हणजे प्रत्येक नर दर फेरीला एकदा तरी तुमच्या उजेडात वळतो. एकच नर धरा, त्याच्यावर फोकस ठेवा, आणि तो वळायला लागला की बर्स्ट सोडा, म्हणजे बटण दाबून धरून लागोपाठ फोटो. मागच्या महिन्यात एका सकाळी २१४ फोटो काढले, डोकं पूर्ण हिरवं आलं ते ९. त्या ९ मध्ये मला रंगाला हातही लावावा लागला नाही.

छातीचं सांगायचं तर काळं डोकं बघून कॅमेरा सगळंच उजळ करतो. एक्स्पोजर उणे ०.७ किंवा उणे १ करा, जास्त उजळून कोरा झालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो ती सूचना चालू ठेवा, आणि छाती लुकलुकायची थांबेपर्यंत कमी करत जा. डोकं थोडं गडद राहिलं तर ते नंतर उजळता येतं. जळालेलं पांढरं परत येत नाही.

भिगवणची_वारी

काकांचं सगळं पटलं. वाऱ्याचं तर मला नवीनच होतं. पण एडिटिंगला थोडा वाव आहे असं मला वाटतं, म्हणून माझी पद्धत लिहितो. मी डार्कटेबल वापरतो, फुकट आहे, पण लाइटरूममध्येही हेच करता येईल.

ताई, साठ-सत्तरातला एखादा फोटो असा शोधा ज्यात डोक्यावर हिरव्याची नुसती रेघ असेल, गालाच्या कडेला. असेल तर त्यावर काम करा. आधी नॉइज काढा, बाकी सगळं नंतर. डोक्यापुरता मास्क, त्यात शॅडोज २० ते २५, ८० नाही. छातीचा वेगळा मास्क, हायलाइट्स खाली, टेक्श्चर किंचित वर. लाल, हिरवा, निळा या तिन्हींपैकी एखादाच चॅनल जळला असेल तर पिसं थोडी परत येतात. क्लॅरिटीला छातीजवळ फिरकू देऊ नका, पांढऱ्या कडेभोवती काळी रेघ उमटते आणि बदक कातरून चिकटवल्यासारखं दिसतं. शार्पनिंग फक्त पक्ष्यावर. लाइटरूममध्ये शार्पनिंगखालचा मास्किंगचा स्लायडर अल्ट दाबून ओढला की पाणी काळं होत जातं, पिसांच्या कडा पांढऱ्या राहतात. तेवढ्याच ठेवा.

चक्रवाक बदकाचा त्रास वेगळा. त्याच्या नारंगीत लाल चॅनल आधी भरतो, एकूण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसत असला तरी. तिथे मी नारंगीचं सॅच्युरेशन दहाने कमी करतो, की लगेच पाठीवरची पिसं सुटी दिसायला लागतात.

उजनीवर साडेदहानंतर पाण्यावरची हवा हलायला लागते. लांबच्या पक्ष्याच्या कडा लोण्यासारख्या वितळतात, आणि त्याला कुठलंही सॉफ्टवेअर उपाय नाही. तेव्हा लेन्सला दोष न देता चहा प्यायला यावं.

एक मनापासून सांगायचं आहे. दोन वर्षांपूर्वी होडीत आमच्याबरोबर आणखी तिघं होते. उडतानाचा फोटो हवा म्हणून त्यांनी नावाड्याला थव्यात होडी घालायला लावली. दोनेकशे पक्षी चरता चरता उठले आणि पार पलीकडे जाऊन बसले. मी तेव्हा गप्प बसलो, त्याचं अजून वाईट वाटतं. आता मी होडीत बसतानाच दादांना सांगतो, लांबूनच इंजिन बंद करा, बांबूने न्या, पक्ष्यांनी माना वर केल्या की थांबा. ते ऐकतात. त्यांनाही थवा तिथेच राहायला हवा असतो.

नोंदवही

फोटोग्राफीतलं मला फारसं कळत नाही, मी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदी करते. एवढीच विनंती, मूळ फाईल जपून ठेवा. भुवई बदकाची मादी आणि चक्रांगाची मादी यांच्यातला फरक चेहऱ्यावरच्या फिकट-गडद पट्ट्यांवरून कळतो, आणि नॉइज काढताना नेमक्या त्याच पट्ट्या पुसल्या जातात. ऑक्टोबरात आलेले नरही मादीसारखेच मळकट असतात, पिसं बदलायची असतात अजून. त्यांना उजळ केलं की ओळखच चुकते. नोंदीला फक्त क्रॉप केलेला फोटो द्या.

कादवाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी परत गेले. या वेळी मनोरा सोडला. आधी रुमाल धरून वारा बघितला, मग ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी येतील अशी काठावरची जागा शोधली आणि खाली बसले. थवा आधी लांब गेला. पाऊण तास काहीच नाही, वारकरी पक्षी तेवढे समोरून ये-जा करत होते. नऊच्या आसपास सात-आठ थापटे गोल फिरत फिरत जवळ आले. एकच नर धरला, उणे १ वर.

१३० फोटोंत ४ हिरवे. एकात त्याने नुकतीच चोच वर काढली आहे. चोचीच्या कडेची कंगव्यासारखी दातेरी झालर दिसते आणि तिला पाण्याचे तीन थेंब लटकले आहेत. गालावर हिरवा, मानेशी जांभळट झाक, ती तर मला दुर्बिणीतूनही दिसली नव्हती. छातीवरची पिसं मोजता येतील इतकी सुटी. क्रॉप केला, नॉइज काढला, डोक्यावर शॅडोज १५. रंगाला हात लावला नाही.

पाटकरी काका, फोटो टाकला आहे, डोळ्यातला ठिपका आता कुठे आहे ते बघाल का? मला तो मधोमध वाटतोय, पण किंचित वर आहे. अजून खाली बसायला हवं होतं का?

पाटकरी

वरचा ठिपका सूर्य चढल्याचा आहे, बसण्याचा नाही. अर्धा तास आधी मिळाला असता तर मधोमधच्या आणखी जवळ आला असता. फोटो फार सुंदर आहे, ताई. मार्च उजाडला की ही मंडळी परतीला लागतील, त्याआधीच्या सगळ्या सकाळी धरा.