सल्ला हवा: तीन दुकानांत मोटर-पंपाचे स्पेअर वाटून कसे ठेवावेत?

पंपवाले_लातूर: लातूर, औसा, उदगीर अशी तीन दुकानं, जीएसटी नंबर एकच. मोनोब्लॉक (मोटर-पंप एकाच सांगाड्यात) आणि सबमर्सिबल (पाण्यात बुडवून चालणाऱ्या) पंपांचे स्पेअर. उदगीरला जो माल धूळ खातो, त्याच्यासाठी औशातून गिऱ्हाईक परत जातं. साठा एकत्र कसा करावा?

हिशेबी_माणूस: आधी नावं एक करा, दादा. एकाच बेअरिंगला एकाकडे ‘६२०५’ हा नंबर, दुसऱ्याकडे कंपनीचं नाव, तिसऱ्याकडे ‘मोठं बेअरिंग’ असं लिहिलेलं असेल तर कोणतंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. मात्र उघडं, झेडझेड (पत्र्याचं झाकण) आणि टूआरएस (रबरी सील) यांना वेगळे कोड द्या. माप तिन्हींचं २५×५२×१५ मिमीच, पण चिखल-पाण्याच्या जागी उघडं बसवलं की मोटर परत आलीच.

मग महाग आणि कधीमधी लागणारे पार्ट फक्त लातूरला ठेवा. प्रत्येक दुकानात अडीअडचणीला जादाचे ४ ठेवले तर एकूण १२ नग. एकत्र ठेवले तर ४ गुणिले ३ चं वर्गमूळ (१.७३), साधारण ७ पुरतात. रोजच्या खपाचा माल यात धरू नका, तो जिथल्या तिथेच.

रिवाइंडिंग_उदगीर: वर्गमूळ कागदावर ठीक आहे हो, पण मागणी वेगवेगळ्या वेळी आली तरच! रब्बीत सगळे पंप एकदम चालू, व्होल्टेज पडतं, करंट वाढतो, आणि तिन्ही तालुक्यांत एकाच आठवड्यात मोटरी जळतात. तेव्हा एकमेकांकडून मागायला कुणाकडेच काही नसतं. कपॅसिटर, ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारा), बुश दिवाळीआधी तिन्हीकडे भरून ठेवा.

पंपवाले_लातूर: पटलं. एका दुकानातून दुसऱ्यात माल पाठवताना कागद काय लागतो?

हिशेबी_माणूस: नंबर एकच, त्यामुळे कर नाही, टॅक्स बिलही नाही. डिलिव्हरी चलन (मालासोबत जाणारा कागद) तीन प्रतींत. औसा-उदगीरचे पत्ते जीएसटी नोंदणीत धंद्याचं अतिरिक्त ठिकाण म्हणून हवेत. राज्यातल्या राज्यात एक लाख रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद).

खरा घोळ वाटेतल्या मालाचा. लातूरनं वजा केला, औशानं जमा केला नाही, की तोच माल पुन्हा मागवला जातो. साठ्याच्या नोंदीत ‘वाटेत’ असं चौथं ठिकाणच उघडा. फोनवर कबूल केलेला नग लगेच ‘राखीव’ करा, नाहीतर तोच दोघांना विकला जाईल.

रिवाइंडिंग_उदगीर: आणि नवी ऑर्डर देण्याआधी उदगीरचा पडलेला माल हलवा. ऑइल सील पहिले काढा, ठेवून ठेवून रबर कडक होतं.