दुखरा हात आधी, पट्टा मागून
तीन वर्षांच्या लेकीच्या उजव्या कोपराला स्प्लिंट आहे, तोवर कार सीटचा पट्टा नुसता कमरेला लावला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नका हो तसं करू. घोडबंदर रोडला पुढच्याने अचानक ब्रेक मारला, तर खांद्यावरचे दोन पट्टेच पोरीला धरून ठेवतात.

आमच्या मुलाचा हात मोडला तेव्हा फ्रॉक-शर्टाचीच रीत कामी आली. पट्टे पूर्ण सैल करायचे, दुखरा हात आधी आत, धडधाकट हात नंतर, काढताना उलट. स्प्लिंटच्या वेल्क्रोला पट्टा सारखा चिकटायचा, म्हणून बोटांकडून कापलेला जुना सुती मोजा वरून चढवला. पट्टा आवळल्यावर खांद्याजवळ चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी आली तर अजून सैल आहे. पट्ट्याखाली उशी, जाड स्वेटर काही नको; हाताला आधार हवा तर पट्टे लावून झाल्यावर मांडीवर पंच्याची घडी.

नवी सीट घेणारच असाल तर लेकीला दुकानात बसवूनच घ्या. सीटच्या बाजूचे कान, म्हणजे पुढे आलेल्या कडा, फार खोल असले की वाकवलेलं कोपर त्यांना घासतं. दाराकडे वळणारी सीट असेल तर फार सोपं जातं, पण महाग पडते.

आणि सीट डाव्या दाराशी लावा. तोंड पुढे असेल तर उजवा हात गाडीच्या आतल्या बाजूला राहतो, दाराचा धक्का लागत नाही. गळ्यातली झोळी प्रवासापुरती काढायची का, हे मात्र डॉक्टरांनाच विचारा.